कणकुंबीचं पाणी दोन समुद्रांना कसं जातं? नकाशा वाचायची एक सुरुवात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाटाच्या तोंडाशी कणकुंबी आहे. इथल्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, पूर्वेला निघते आणि ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. याच गावाच्या शिवारातला कळसा नाला मात्र उलटा निघतो. तो महादईला मिळतो, महादई गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात शिरते. गाव एक, पाऊसही एकच, आणि पाण्याच्या वाटा मात्र देशाच्या दोन टोकांना.

बेळगावहून जांबोटीमार्गे गाडीने कणकुंबीला गेलात तर यातलं काहीच जाणवत नाही. दोन नद्यांना वेगळं करणारा मोठा डोंगर तिथे असेल असं वाटतं, पण डोळ्यांत भरेल असा डोंगर नाहीच. झाडी, धुकं, भाताची खाचरं आणि थोडा चढउतार, एवढंच. ज्या उंचवट्यावरून पाण्याची फाटाफूट होते तो डोळ्यांना चकवतो. कागदावर मात्र तो बोट ठेवून दाखवता येतो, आणि त्यासाठी नकाशा कसा वाचायचा ते इथे बघू. शाळेत भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांना येणारी समोच्च रेषा आपल्या जिल्ह्यात किती कामाची आहे, हे कोणी तेव्हा सांगत नाही.

कोणता नकाशा घ्यायचा

वर्गाच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा रंगीत नकाशा इथे उपयोगाचा नाही. त्यात तालुक्यांना गुलाबी-पिवळे रंग दिलेले असतात, जमिनीचा आकार नसतो. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवायला उत्तम, पण सुरुवातीला उघडतो तेव्हा चढ आणि सपाटी त्याला सारखीच. त्यातला ‘टेरेन’ हा थर चालू केला तर थोडं काम होतं. खरा कामाचा नकाशा म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा. ही संस्था १७६७ सालची. तिच्या ऑनलाइन पोर्टलवरून १:५०,००० प्रमाणाच्या शीट नोंदणी करून उतरवून घेता येतात.

१:५०,००० याचा अर्थ कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० हजार सेंटीमीटर, म्हणजे ५०० मीटर. दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. बेळगाव ते कणकुंबी पट्टीने सरळ मोजलं तर तीस-पस्तीस किलोमीटर भरतं. रस्त्याने हेच अंतर पंचेचाळीसच्या घरात जातं. रस्त्याचं अंतर हवं असेल तर नकाशावर रस्त्याच्या वळणांवरून दोरा टाकायचा, मग तो दोरा सरळ करून पट्टीवर मोजायचा. पद्धत जुनी आहे, पण चुकत नाही.

आता शीट कुठली? जुन्या पद्धतीत देशाचे चार अंश बाय चार अंशांचे चौकोन पाडले आणि त्यांना आकडे दिले. ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि १२ ते १६ उत्तर अक्षांश हा चौकोन ४८ क्रमांकाचा. त्याचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना इंग्रजी अक्षरं. बेळगावचा तुकडा ‘आय’. त्या ‘आय’चे पुन्हा सोळा तुकडे, प्रत्येक १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचा. हीच ती १:५०,०००ची शीट. आणि इथे बेळगावकरांची गंमत आहे. शहर जवळजवळ ७४ अंश ३० मिनिटं या रेखावृत्तावरच बसलंय, आणि शीटची कडही नेमकी तीच. त्यामुळे हिंडलगा ४८ आय/५ वर जातो, तर रेल्वे स्टेशन आणि किल्ला ४८ आय/९ वर. शहराचा अख्खा नकाशा हवा असेल तर दोन शीट शेजारी ठेवून जोडाव्या लागतात. खानापूर गाव खालच्या ४८ आय/१० वर आहे. निपाणी आणि संकेश्वर तर १६ अक्षांशाच्या वर असल्याने ४७ क्रमांकाच्या चौकोनात जातात. नव्या मालिकेत हे क्रमांक बदलले आहेत. आपल्या भागाचे ‘डी ४३’ने सुरू होतात, पण जुने क्रमांक लोकांच्या तोंडात अजून आहेत. २०१४च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बदललं, त्याआधीच्या शीटवर जुनंच नाव दिसेल. शोधताना नावाच्या भानगडीत न पडता क्रमांक धरावा हे उत्तम. त्यावर अजून कोणी मोर्चा काढलेला नाही.

रंग पटकन सांगतो. निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे झाडी, पिवळं म्हणजे लागवडीची जमीन, लाल म्हणजे वस्ती आणि रस्ते, काळं म्हणजे रेल्वे, हद्दी आणि नावं. उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेत असतात, त्यांना निळं समजून विहीर खोदायला जाऊ नये. बाकी खुणांचा तक्ता शीटच्या तळाशी छापलेला असतो, पाठ करायची गरज नाही.

आणि तपकिरी म्हणजे उंची. आपलं सगळं काम या तपकिरी रेषांशी.

तपकिरी रेषा

राकसकोपचं धरण मे महिन्यात बघा. मार्कंडेय नदीवरचं हे धरण, शहराला पाणी पुरवणारं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर एकाखाली एक ओळी उमटलेल्या दिसतात. पाणी जिथे जिथे थोडे दिवस थांबलं, तिथली ती खूण. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी असते, म्हणून त्यातली कुठलीही एक ओळ धरून काठाकाठाने चालत गेलात तर तुम्ही ना चढणार ना उतरणार. समोच्च रेषा म्हणजे हीच. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरच्या सगळ्या जागा जोडणारी रेघ.

१:५०,०००च्या शीटवर दोन शेजारच्या रेषांत २० मीटरचा फरक असतो. दर पाचवी रेषा जाड छापलेली असते, म्हणजे जाड ते जाड १०० मीटर. जाड रेषेवर उंचीचा आकडा सापडतो, तिथून मोजत जायचं.

रेषा जवळजवळ असतील तर चढ उभा, लांबलांब असतील तर जमीन पसरट, हे सगळे जण सांगतात. पण ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, ते आकड्यांत बघितल्याशिवाय हाताला लागत नाही.

मलप्रभेपासून सुरुवात करू. उगमाची उंची सुमारे ७९२ मीटर, कृष्णेला मिळते तिथली ४८८. उतार ३०४ मीटर आणि लांबीही ३०४ किलोमीटर. योगायोगाने हिशेब तोंडी करता येतो: सरासरी किलोमीटरला एक मीटर. आता नदीने २० मीटर उतरायला, म्हणजे एक तपकिरी रेषा ओलांडायला, सरासरी २० किलोमीटर घेतले. कागदावर ते ४० सेंटीमीटर झाले. आपल्या अक्षांशावर अख्खी शीटच साधारण ५५ सेंटीमीटर उंच आणि त्याहून किंचित कमी रुंद असते. उगमाजवळ उतार जास्त आहे हे खरं, पण पुढे सौंदत्तीच्या बाजूला एकेका शीटवर नदी एखाद-दुसरीच रेषा ओलांडताना दिसली तर नवल वाटायला नको.

दुसरं उदाहरण कॅसलरॉक ते कुळेचा रेल्वेघाट. दूधसागर बघायला गेलेल्या प्रत्येकाने तो अनुभवलाय. तिथला चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. वीस मीटर चढायला रुळांना ७४० मीटर लागतात, नकाशावर जेमतेम दीड सेंटीमीटर. मलप्रभेला जिथे ४० सेंटीमीटर लागले तिथे रेल्वेला दीड. आणि हा रेल्वेचा चढ आहे, डोंगराचा नव्हे. डोंगर त्याहून कितीतरी उभा आहे, म्हणून तर रूळ वळसे घेत, बोगद्यांतून काढावे लागले आणि मालगाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात.

खुद्द डोंगराचं काय? समजा एका किलोमीटरच्या आडव्या अंतरात ५०० मीटर उतरायचं आहे. घाटाच्या कड्यावर हे सहज घडतं. तेव्हा दोन सेंटीमीटरांत पंचवीस रेषा मावल्या पाहिजेत, म्हणजे रेषेगणिक एक मिलिमीटरही नाही. शीटवर असा भाग तपकिरी शाई सांडल्यासारखा दिसतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम कडेला हा पट्टा उत्तर-दक्षिण पसरलेला दिसेल. तीच सह्याद्रीची कड. आपण घाटमाथ्यावर राहतो म्हणतो, तो माथा म्हणजे त्या पट्ट्याच्या पूर्वेची विरळ रेषांची जागा.

पाणी कुठे फुटतं ते शोधणं

समोच्च रेषा सरळ जात नाही, ठिकठिकाणी टोकदार वाकते. या वाकण्याचे दोनच अर्थ. टोक जास्त उंचीच्या रेषांकडे शिरलं असेल तर तिथे घळ आहे, ओढा आहे. टोक कमी उंचीकडे आलं असेल तर ती डोंगराची सोंड. गोंधळ झाला तर निळी रेघ शोधायची. ओढ्यापाशी रेषेचं टोक नेहमी ओढ्याच्या उगमाच्या दिशेला असतं.

आता पेन्सिल घ्या. कणकुंबीजवळच्या पूर्वेला जाणाऱ्या ओढ्यांची मुळं एका बाजूला आणि पश्चिमेला जाणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला, असं बघत दोन्हींच्या मधून, एकाही ओढ्याला न कापता, उंचीउंचीने एक रेघ काढत जा. जिथे ओढ्याच्या निळ्या किंवा काळ्या रेषेला छेद जाईल तिथे चुकलात, मागे या. ही तुमची रेघ म्हणजे जलविभाजक. तिच्या पूर्वेला पडलेला थेंब मलप्रभेचा, पश्चिमेचा महादईचा. ती सगळ्यात उंच शिखरांवरूनच जाईल असं नाही, आणि कणकुंबीपाशी नजर फसते ती यामुळेच. दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा असला की पाण्याला पुरतो, मग तो पन्नास मीटरचा असो की पाचशेचा.

हा नकाशा समोर असला की कळसा-भांडुराचं, म्हणजे महादईच्या या दोन ओढ्यांचं पाणी वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात चाललेलं भांडणही समजतं. मलप्रभेच्या खोऱ्यात पाण्याची तूट, आणि पलीकडे काही किलोमीटरवर महादईचे ओढे समुद्राकडे धावताहेत. मधला उंचवटा लहान, त्यामुळे कालव्याने पाणी पूर्वेला वळवायची कल्पना सुचणं साहजिक. गोव्याची हरकतही तितकीच साहजिक, कारण मांडवीचं पाणी याच डोक्यावरच्या ओढ्यांचं. लवाद २०१० साली नेमला गेला, २०१८च्या ऑगस्टमध्ये निकाल आला, त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. त्यावरची कोर्टकचेरी संपलेली नाही. बाजू कुणाचीही घ्या, पण जलविभाजक कुठून जातो हे न बघता घेतलेली बाजू मला कच्ची वाटते.

दोन उतारांतला फरक इथेच थांबत नाही. मांडवी उगमापासून समुद्रापर्यंत जेमतेम ऐंशी किलोमीटर. कळसा नाल्याचं पाणी जवळजवळ मलप्रभेच्याच उंचीवरून निघतं आणि तेवढ्या अंतरात शून्यावर येतं. सरासरी किलोमीटरला दहा मीटर, तेही बरंचसं घाटात एकदम. उतार जास्त, वेग जास्त, म्हणून कापण्याची ताकदही जास्त. पश्चिमेचे ओढे आपलं डोकं पूर्वेकडे कापत सरकतात, आणि हजारो-लाखो वर्षांच्या हिशेबात जलविभाजक पूर्वेला ढकलला जातो. पूर्वेच्या नद्या मात्र पठारावर सुस्त, वळणं घेत चालतात. चोर्ला-जांबोटी भागात वज्रपोहासारखे धबधबे पश्चिमेच्या पाण्यावर का, याचं उत्तर यात आहे.

पूर्वेला धबधबा नाहीच असं नव्हे. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते. पण ते कारण वेगळं: खडक. उत्तरेकडचा आपला भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर बेळगावच्या आसपास संपत येतात. गोकाकचा कडा त्या लाव्ह्याच्याही आधीच्या, फार जुन्या आणि कठीण वालुकाश्माचा. नदी त्याला सहजी कापू शकत नाही, म्हणून पायरी तशीच राहिली. टोपोशीट खडकाचं नाव सांगत नाही, त्यासाठी भूशास्त्रीय नकाशा वेगळा असतो. पण पसरट उतारात मध्येच रेषा एकत्र गोळा झाल्या तर खाली खडक बदललाय का, ही शंका घ्यायला ती शिकवते.

पाऊसही तपकिरी रेषांचं ऐकतो

जूनमध्ये समुद्रावरून आलेलं बाष्प कड्यावर आदळून वर चढतं, थंड होतं आणि तिथेच बरसतं. कणकुंबीचा पाऊस बेळगाव शहराच्या कितीतरी पट. शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर. आणखी शंभरेक किलोमीटर ईशान्येला अथणीला जा, तिथे सहाशेपर्यंत पोचणंही मुश्कील. एकाच जिल्ह्यात खानापूरकर छपरावर पावसाळी झापं चढवतो आणि अथणीकर टँकरची वाट बघतो. भात पश्चिमेला, मध्ये निपाणीच्या काळ्या जमिनीत तंबाखू, पूर्वेला ज्वारी आणि द्राक्षं. सह्याद्रीच्या त्या दाट पट्ट्यापासून तुमचं गाव किती लांब आहे, यावरून तुमच्या ताटातलं धान्य बऱ्याच अंशी ठरून गेलेलं असतं.

दिशेबद्दल एक छोटी गोष्ट. पुस्तकात लिहितात की दुपारी बारा वाजता सावली उत्तरेला पडते. बेळगावात हे दोन कारणांनी अडतं. घड्याळ ८२ अंश ३० मिनिटं रेखांशाचं, आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं धरली तर खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. शिवाय साधारण ४ मे आणि ९ ऑगस्टला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी उत्तरेला असतो, म्हणजे सावली दक्षिणेला. ढग नसले तर बघा. होकायंत्र वापरणाऱ्यांना फारसा त्रास नाही. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात आपल्याकडे फरक एखाद्या अंशाचाच आहे.

काळी रेष आणि तपकिरी रेष

शीटवर राज्याची हद्द काळ्या तुटक रेषेने असते. जिल्ह्याची आणि तालुक्याची रेष वेगळ्या नमुन्याची. बेळगावच्या पश्चिमेला ही काळी रेष बघत बघत जा आणि जलविभाजकाची तुमची पेन्सिलरेघ तिच्या शेजारी धरा. दोन्ही जुळत नाहीत. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण त्याचा मोठा भाग जलविभाजकाच्या पूर्वेला. तिथली ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते आणि ते पाणी कर्नाटकातल्या हिडकल धरणात येतं. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरकडे येते. उलट भीमगडच्या जंगलातलं, कर्नाटकाच्या हद्दीतलं पाणी गोव्याला. चंदगडचीच तिलारी मात्र कोकणात उतरते.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा रेष आखताना पाण्याला कोणी विचारलं नव्हतं. माणसांनाही नीट विचारलं नाही, अशी आपल्याकडची भावना आहे, आणि सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे मुद्दा एवढाच की हिडकलचं धरण भरणार की नाही हे बघायला चंदगडचा पाऊस बघावा लागतो, काळी रेष आडवी येत नाही.

रेषा जिथे गप्प बसतात

शेवटी एक अडचण, कारण तिच्यामुळे अनेकांचा नकाशावरचा विश्वास उडतो. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी दर मोठ्या पावसात वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं आणि भात कुजतं. शीट काढून बघितलीत तर तिथे तपकिरी रेषा जवळजवळ नसतात. रेषांमधला उंचीचा फरक वीस मीटरचा. दोन रेषांच्या मध्ये पाच मीटरचा खड्डा असो की तीन मीटरचा बांध, समोच्च रेषेला तो दिसत नाही. पाण्याला मात्र अर्धा मीटरही दिसतो.

अशा सपाटीत दुसऱ्या खुणा वाचाव्या लागतात. छोट्या ठिपक्याशेजारचा आकडा म्हणजे त्या नेमक्या जागेची उंची. त्रिकोणाशेजारचा आकडा म्हणजे सर्वेक्षणात मोजलेलं ठिकाण. आणि रेल्वे, रस्ता किंवा तळ्याच्या बांधाशेजारी ‘३आर’सारखं काही छापलेलं असेल तर तो बांध आसपासच्या जमिनीपेक्षा तीन मीटर उंच आहे, समुद्रसपाटीपासून नव्हे. शिवारात पाणी तुंबायचं कारण अनेकदा या आकड्यांत सापडतं: नाल्याला आडवा भराव, आणि त्याखालची मोरी अपुरी. फक्त शीट कुठल्या साली मोजलेली आहे ते खालच्या कोपऱ्यात आधी वाचून घ्या. त्यानंतर घातलेला एकही भराव तिच्यावर नसतो, तो पावसाळ्याआधी शिवारात फिरून पेन्सिलीने स्वतःच चढवावा लागतो.